संमोहन, माझा 'मी' आणि धाकट्या भावाचा गार झालेला चहा

आधी स्वतःचीच एक गोष्ट सांगतो, लाज वाटावी अशी.

गेल्या वर्षी रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी धाकटा भाऊ घरी आला. तो मोशीला राहतो आणि तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. मोशीहून वाकडला यायचं म्हणजे नाशिक फाट्याची गर्दी तुडवत यायचं. आठवड्याच्या मधल्या वारी, कामावरून थकून तो उगाच एवढा लांब येणार नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

तो म्हणाला, "भाईजान, जरा बोलायचं होतं."

मी म्हणालो, "अरे बोल ना." आणि मग मीच बोलायला लागलो. त्याच आठवड्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात माझं भाषण झालं होतं, 'उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठी कशी शिकवावी' या विषयावर. साहेबांनी कौतुक केलं होतं. एका सहकाऱ्याने मोबाइलवर चित्रण केलं होतं, अकरा मिनिटांचं. ते मी भावाला पूर्ण दाखवलं. मधे दोनदा थांबवून कुठे टाळ्या पडल्या तेही सांगितलं. त्याच्या हातातला चहा गार झाला. शेवटी तो म्हणाला, "छान झालं भाषण." हेल्मेट उचललं आणि गेला.

वीसेक दिवसांनी अम्मीचा फोन आला, तेव्हा कळलं. ईदीच्या आधीच कारखान्यात ठेकेदार बदलला होता आणि नव्या ठेकेदाराने जुन्यांपैकी बऱ्याच जणांना घेतलंच नव्हतं. त्यात माझा भाऊ होता. मुलीची फी आणि खोलीचं भाडं एकदम अंगावर आलं होतं. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे उसने पैसे मागायला आला होता. नंतर त्याने बायकोच्या सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्या.

मी बायकोला म्हणालो, "पण त्याने मला सांगायला नको का?"

ती भांडी पुसत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "सांगायलाच तर आला होता."

तिथेच माझी पंधरा वर्षांची मुलगी बसली होती. तिने भर घातली. "अब्बा, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही फक्त तुमची पाळी यायची वाट बघता." पुढच्या रविवारी हडपसरला नातेवाइकांकडे जाताना तिने गुपचूप हिशोब ठेवला. भूमकर चौकातून निघाल्यापासून पोचेपर्यंत मी 'मी', 'मला', 'माझं' हे शब्द त्रेसष्ट वेळा वापरले होते. व्याकरण शिकवणाऱ्या बापाला मुलीने सर्वनामांचा गृहपाठ तपासून दिला.

आता खरं तर मी तडक मोशीला जाऊन भावाची माफी मागायला हवी होती. पण आपमतलबी माणूस पश्चात्तापातही आधी स्वतःचाच विचार करतो. मला वाटलं, हा आपल्यातला दोष आहे, तर आधी आपल्यावर काहीतरी इलाज करून घ्यावा. शाळेतल्या एका सहकाऱ्याची भाषणाची भीती म्हणे स्वसंमोहनाने गेली होती. त्याने चिंचवडच्या एका शिबिराचा पत्ता दिला. दोन रविवार, मंगल कार्यालयाचा हॉल, चहा-नाश्त्यासह. मी नाव नोंदवलं.

घरी सांगितलं तर अम्मी घाबरली. "हे जादूटोण्यातलं नाही ना? कुणी डोळ्यात बघून तुझ्याकडून काही लिहून घेतलं तर?" तिची भीती अगदीच अडाणीपणाची नव्हती. आपल्या शब्दांतच ती भरलेली आहे. मराठीत संमोहन म्हणजे मोह पाडणं, मोहिनी घालणं. उर्दूत त्याला तनवीम म्हणतात, 'नौम' म्हणजे झोप, त्यावरून आलेला शब्द, म्हणजे झोपवणं. इंग्रजी 'हिप्नॉसिस'च्या मुळाशीही झोपेची ग्रीक देवता आहे. आणि गंमत अशी, की ती झोप नाहीच. जेम्स ब्रेड या ब्रिटिश डॉक्टरने १८४३ सालच्या आपल्या पुस्तकातून हा शब्द रूढ केला. पुढे त्यालाच तो चुकीचा वाटू लागला, कारण माणूस त्या अवस्थेत झोपलेला नसतो, एकाच कल्पनेवर एकाग्र झालेला असतो. पण शब्द एकदा बाजारात गेला की परत येत नाही.

महाराष्ट्रात स्वसंमोहन म्हटलं की अनेकांना श्याम मानव आठवतात, अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक. बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर लढणाऱ्या माणसाने स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घ्याव्यात, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. बुवा जे स्वतःची 'शक्ती' म्हणून विकतो, ते आपल्याच मनाचं साधं काम आहे, हे लोकांना स्वतः करून बघू दिलं की बुवाचं दुकान बसतं. मी गेलो ते शिबिर मानवांचं नव्हतं, दुसऱ्या एका गृहस्थांचं होतं. पण त्यांनीही पहिलं वाक्य हेच सांगितलं, "मी तुम्हाला काहीही करणार नाही. जे करायचं ते तुम्ही करणार आहात."

हे वाक्य ऐकताना मला एकदम पणजी आठवली.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. मांडवीच्या काठावर जुनं सचिवालय आहे, मूळचा आदिलशाहाचा महाल. तो बघायचा म्हणून मी सगळ्यांना उन्हातून चालवत नेलं. महालाच्या शेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातला एक माणूस हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक बाई मागे कलंडते आहे. पाहताक्षणी वाटतं, हा मांत्रिक तिच्यावर काहीतरी प्रयोग करतो आहे. मी बायकोला पुतळ्यासमोर उभं केलं, तिला कलंडायला सांगितलं आणि स्वतः त्या माणसासारखे हात पसरून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. बायको त्या फोटोत हसत नाही, हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली.

तो पुतळा आबे फारिया यांचा आहे. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. जोसे कुस्तोदियो द फारिया १७५६ साली बार्देशातल्या कांदोळी गावात जन्मले. १७७१ साली, पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर जहाजाने लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीला आला. या बापलेकांचाही त्यात हात असल्याचा संशय घेतला गेला आणि फारिया फ्रान्सला गेले. मार्सेलमध्ये त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे आमच्याच धंद्यातले. १८१३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाची जाहीर व्याख्यानं आणि प्रयोग सुरू केले.

त्या काळी या विषयावर व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या डॉक्टर मेस्मरची छाप होती. मेस्मरचं म्हणणं असं, की एक अदृश्य चुंबकीय द्रव असतो आणि तो आपण रोग्याच्या अंगात सोडतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. समितीने सांगितलं, असा कुठला द्रव नाही, परिणाम होतो तो रोग्याच्या कल्पनाशक्तीने. पण समितीचा कल 'मग यात काही अर्थ नाही' असं म्हणण्याकडे होता. फारिया यांनी तोच धागा उचलला आणि उलट बाजूने ओढला. द्रव नाही, चुंबक नाही, प्रयोग करणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात, त्याच्या एकाग्रतेने, त्याच्या तयारीने घडतं. ते समोरच्याला खुर्चीत बसवत, एकाग्र व्हायला सांगत आणि मोठ्याने म्हणत, "झोपा!" बस, एवढंच. काहींवर परिणाम होई, काहींवर नाही, आणि त्याचं कारणही ते त्या माणसातच शोधत.

पॅरिसने त्यांची टिंगल केली. त्यांच्यावर विनोदी नाटक आलं, व्याख्यानांची गर्दी ओसरली. १८१९ मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. पुढे अलेक्झांडर ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीत त्यांच्या नावाचा एक कैदी पाद्री उभा केला, जो अंधारकोठडीत शेजारच्या तरुण कैद्याला भाषा, गणित, इतिहास शिकवतो. जगाला तो फारिया ठाऊक आहे, कांदोळीचा नाही.

मला या माणसाचं मोठेपण आता कळतं. समोरचा माणूस डोलायला लागला की 'हे मी केलं' असं म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! पॅरिसचे लोक ते मानायला तयारच बसले होते. अशा वेळी 'यात माझं काही नाही, सगळं तुमचं आहे' असं सांगणारा हा माणूस. आणि मी कुठे उभा राहून फोटो काढला होता? नेमका हात पसरलेल्याच्या जागी.

फारियांची आणखी एक गोष्ट गोव्यात सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करायला ते उभे राहिले आणि घाबरून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी खालून हळूच कोकणीत सांगितलं, की समोर बसलेले सगळे म्हणजे भाजी आहे असं समज आणि काप. त्याबरोबर त्यांची भीड चेपली. दुसऱ्याच्या एका वाक्याने आपलं मन कसं पालटतं, हे त्यांना म्हणे तिथे पहिल्यांदा जाणवलं. गोष्ट छान आहे. पण ती वाचताना मला वाटलं, माझं उलटं झालंय. मला भीती कधी नव्हतीच. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून समोरची सगळी भाजीच समजायची सवय लागली आहे. वर्गातली मुलं भाजी, घरची माणसं भाजी, धाकटा भाऊ भाजी.

शिबिराकडे परत येतो. पहिल्यांदा डोळे मिटून लिंबू कापायला सांगितलं, मनातल्या मनात. तोंडाला पाणी सुटलं. मग समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं, पापण्या जड होतायत म्हणून सूचना, दहा ते एक उलटे आकडे. माझ्या पापण्या खरंच जड झाल्या. उजवा हात हलका होऊन वर जातोय असं सांगितलं, तेव्हा तो बोटभर वर गेला. शेजारच्या एका कॉलेजकुमारीचा हात थेट खांद्यापर्यंत गेला, तर पुढच्या रांगेतले एक निवृत्त फोरमन शेवटपर्यंत नुसते घड्याळ बघत होते. हा फरक सगळीकडे असतो. तो मोजायला स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये मोजपट्टीच तयार केली गेली. काही माणसं सहज संमोहित होतात, काही जवळजवळ होतच नाहीत, बहुतेक मधे असतात. मी मधला. आणि मी एक क्षणही झोपलो नव्हतो. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, स्वयंपाकघरातली फोडणी, सगळं कळत होतं. अम्मीला घरी येऊन सांगितलं, "कुणी काही लिहून घेतलं नाही. फक्त शिबिराची पावती लिहून दिली."

मग वहीत स्वतःसाठी सूचना लिहायची होती. छोटी वाक्यं, वर्तमानकाळात, 'नाही' शब्द टाळून. मी लिहिलं, 'मी नम्र आहे. मी उत्तम श्रोता आहे. सगळे मला नम्र म्हणून ओळखतात.'

तिसरं वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावं. मला तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं.

रोज रात्री इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटं मी ही वाक्यं घोळवत बसायचो. आठवड्याभरात मला खरंच फार नम्र वाटायला लागलं. इतकं, की शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना त्याबद्दल सांगितलं. घरी आल्यावर पुन्हा सांगितलं. मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही पाऊण तास तुमच्या नम्रपणाबद्दल बोललात."

स्वसंमोहनाचा हा धोका मला कुणी आधी सांगितला नव्हता. स्वतःतच अडकलेल्या माणसाला डोळे मिटून पुन्हा स्वतःकडेच बघायला लावलं, तर तो आणखी खोल जाऊन बसतो. शिबिरात एकाने कौतुकाने म्हटलं होतं, "तुमची नमाज म्हणजे स्वसंमोहनच की." मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण का ते सांगता आलं नव्हतं. आता सांगता येईल. नमाजमध्ये माणूस कुणासमोर तरी उभा असतो. माझ्या त्या दहा मिनिटांत माझ्यासमोर मीच होतो.

त्या दिवसांत मला इमाम गझाली फार आठवले. बगदादच्या निजामिया मदरशातले त्या काळातले सर्वांत नावाजलेले मुदर्रिस. १०९५ साली वर्गात शिकवता शिकवता त्यांची जीभच चालेना, शब्द फुटेना. त्यांनी आपल्या आत्मकथनात कबूल केलंय, की आपण आपला हेतू तपासला तेव्हा दिसलं, हे शिकवणं अल्लाहसाठी नव्हतं, नावलौकिकासाठी होतं. ते पद सोडून निघून गेले. पुढे 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये त्यांनी तकब्बूर आणि उज्ब, म्हणजे इतरांपुढची घमेंड आणि स्वतःवरच खूश असणं, यांवर अख्खं प्रकरण लिहिलं. मी काही गझाली नव्हे. माझी जीभ कधीच अडली नाही, हाच तर प्रश्न होता.

दुसऱ्या रविवारी मी शिबिरातल्या गृहस्थांना वही दाखवली. ते हसले. म्हणाले, "सर, नम्रपणाचं चित्र काढून दाखवा बरं." मला येईना. "मनाला चित्र लागतं. लिंबू दिसलं म्हणून पाणी सुटलं. 'नम्र' दिसत नाही. तुम्ही नम्र झालात तर समोरच्याला तुम्ही काय करताना दिसाल, ते लिहा."

मी बराच वेळ बसून राहिलो. मग गार झालेला चहा आठवला. त्या रात्री मी जी सूचना लिहिली ती अशी, 'चहाचा कप हातात येतो. समोरचा माणूस बोलतो आहे. त्याचं पूर्ण होऊ दे. मग त्याच्याच बोलण्यातला एक प्रश्न.' भाषेचा मास्तर म्हणून मला एका गोष्टीचं समाधान वाटलं. या चार वाक्यांत 'मी' कुठेच नव्हता.

आठ दिवस हे करत होतो. डोळे मिटले की भाऊ दिसायचा, चहाचा कप दिसायचा. हे मी बायकोला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "डोळे मिटून भाऊ दिसत असेल तर आता डोळे उघडा आणि मोशीला जा."

गेलो. भावाच्या बायकोने "भाईजान, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. तिच्या हातात फक्त काचेच्या बांगड्या होत्या. चहा आला. कप हातात आला आणि खरं सांगतो, सूचना आठवली. मी म्हणालो, "त्या दिवशी तू बोलायला आला होतास. मी बोलू दिलं नाही. माफ कर. आज सांग." तो आधी गप्प राहिला. मग बोलायला लागला, आणि तासभर बोलला. कारखान्यात त्याचं काम सुट्या भागांचं माप गेजने तपासायचं होतं. नऊ वर्षं तो तेच करत होता, आणि नऊ वर्षांत एकदाही मी त्याला विचारलं नव्हतं, की तू नेमकं काय करतोस. ईदीच्या नमाजला तो माझ्याच शेजारी उभा होता, तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. मध्ये तीनदा माझी जीभ शिवशिवली. एकदा घसरलोही. "असंच माझं पण एकदा..." एवढं बोललो आणि थांबलो. त्याने चमकून बघितलं.

"भाईजान, तबियत बरी आहे ना?"

पैसे त्याने घेतले नाहीत. भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला काम लागलं होतं, पगार कमी. बांगड्या सोडवायला मात्र त्याने नंतर, मी तिसऱ्यांदा म्हटल्यावर, मला अर्धी रक्कम देऊ दिली.

हे संमोहनाने झालं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडंसं. वैद्यकशास्त्राने संमोहनाला केव्हाच जागा दिली आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९५८ मध्ये. वेदना, शस्त्रक्रियेआधीची भीती, पोटाचे काही चिवट विकार यांत त्याचा उपयोग होतो. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी मात्र मंगल कार्यालयातल्या शिबिरात न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. पण आख्खा स्वभाव बदलून देणारी सूचना कुणाकडे नाही. सूचनेने माझ्यासाठी एवढंच केलं, की बोलण्याच्या आधी एक क्षण मोकळा मिळवून दिला. त्या क्षणात काय करायचं ते मलाच ठरवावं लागतं, आणि चुकतं तेव्हा घरचे सांगतात.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, की उर्दूत 'हम' एकच आहे, पण मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे तुला सोडून आणि 'आपण' म्हणजे तुला धरून. हा फरक वीस वर्षं शिकवला. वापरायला आता कुठे लागलो आहे. मुलीची मोजणी चालूच आहे. गेल्या खेपेला हडपसरपर्यंत एकोणतीस झाले. हा लेख ती मोजणार आहे, म्हणून आकडा लिहीत नाही.

फ्रिजवरचा फोटो मी काढणार होतो. बायको म्हणाली, "राहू द्या. पुढच्या वेळी पणजीला गेलो की तुम्ही कलंडा, मी हात पसरते."

येत्या रविवारी भाऊ येणार आहे. त्याच्या मुलीचा निकाल लागलाय, एवढंच तो फोनवर म्हणाला. किती टक्के, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आल्यावर सांगतो, भाईजान. सावकाश."